मार्डी ग्राच्या पंगतीला काय रांधावं? गंबो, जांबालाया आणि बाकीचं क्रिओल-केजन

बायूकाठी

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेतल्या लुईझियानात, लाफिएतला राहतो. अकरा वर्षं झाली. यंदा मार्डी ग्राला आमच्याकडे पंचवीसेक माणसं जेवायला आहेत, निम्मी मराठी आणि निम्मी इथली. चार जण शाकाहारी आहेत. बेत ठरवताना तुमच्याशी बोलावं म्हणून हा धागा काढला. दुसरंही कारण आहे. भारतात 'केजन' म्हटलं की लाल तिखट भुरभुरलेले तळलेले बटाटे एवढंच लोकांना माहीत असतं, आणि त्याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आधी सणाबद्दल थोडं. मार्डी ग्रा म्हणजे शब्दशः 'चरबीचा मंगळवार'. दुसऱ्या दिवशी ॲश वेन्सडे, आणि तिथून ईस्टरपर्यंत कॅथलिक लोकांचा उपवासाचा काळ, लेंट. घरातलं मांस, चरबी, अंडी त्याआधी संपवायची, म्हणून ही मेजवानी. तारीख ईस्टरच्या ४७ दिवस आधीची, त्यामुळे ती ३ फेब्रुवारी ते ९ मार्च अशी सरकत राहते. कार्निवलचा मोसम मात्र ६ जानेवारीलाच सुरू होतो. त्या दिवसापासून दुकानादुकानांत जांभळ्या, हिरव्या, सोनेरी साखरेचे किंग केक दिसायला लागतात. हे तीन रंग न्यू ऑर्लिन्सच्या रेक्स या मंडळाचे. त्यांची मिरवणूक १८७२ पासून निघते.

क्रिओल आणि केजन हे दोन शब्द लोक एकाच दमात उच्चारतात, पण माणसं वेगळी होती. केजन म्हणजे मूळचे अकेडियन, आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या भागात स्थायिक झालेले फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना गावंच्या गावं रिकामी करून हाकललं. कुटुंबं वेगवेगळ्या जहाजांवर चढवली गेली. त्यातले काही १७६० च्या दशकात लुईझियानाच्या दलदलीत येऊन पोचले. 'अकेडियन'चं 'कॅडियन' आणि त्याचं 'केजन' झालं. क्रिओल म्हणजे वसाहतीत जन्मलेले: फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी आणि मिश्र रक्ताचे, मुख्यतः न्यू ऑर्लिन्सच्या आसपासचे. शहराकडे बंदर, बाजार, टोमॅटो, लोणी. खेड्याकडे डुक्कर, कोंबडी, ओढ्यातली कोळंबीसारखी क्रॉफिश आणि बिडाचं एकच भांडं.

माझा आतापर्यंतचा बेत: चिकन-आंदुई गंबो (आंदुई म्हणजे धुरावलेलं डुकराचं सॉसेज), जांबालाया (मांस घालून एकाच भांड्यात शिजवलेला भात), आदल्या दिवशी राजमा-भात, सकाळी काहीतरी तळलेलं गोड. शाकाहाऱ्यांसाठी काय करू ते सुचवा.

---

पोळपाट

ताई, वाचनखूण साठवली. पण मुळापासून विचारते, गंबो म्हणजे नक्की काय? सूप की रस्सा?

---

बायूकाठी

रस्साच, पातळसर, भातावर घालून खायचा. पण आपल्या रश्श्याला वाटण असतं, तसा याला 'रू' असतो. तेल आणि मैदा समप्रमाणात घेऊन मंद आचेवर भाजायचा. बेसनाच्या लाडवासाठी बेसन भाजतो ना, अगदी तसं: हात थांबवायचा नाही, आच मोठी करायची नाही, नाकावर विश्वास ठेवायचा. फरक एवढाच की लाडवाचं बेसन खमंग झालं की आपण थांबतो, इथे पुढे जायचं. आधी वाळूसारखा रंग, मग शेंगदाण्याच्या कुटासारखा, मग तांब्याच्या पैशासारखा, आणि चिकनच्या गंबोसाठी पार काळपट चॉकलेटी. पाऊण तास सहज जातो.

शेजारच्या आजींनी मला हे शिकवलं. (इथे वयस्कर बाईला नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नावाआधी 'मिस' लावतात. आपल्या 'काकू'सारखंच.) त्यांचं घर पिढ्यान् पिढ्या फ्रेंच बोलणारं. लहानपणी शाळेत फ्रेंच बोललं की शिक्षा व्हायची, असं त्या सांगतात. ते खरंच आहे. १९२१ च्या राज्यघटनेने लुईझियानाच्या शाळांत इंग्रजीतूनच शिकवायचं ठरवलं आणि एक अख्खी पिढी आपल्याच भाषेला लाजायला लागली. भाषा निम्मी गेली, रू राहिला.

पहिल्या वर्षी मी एकटीने करायला गेले आणि शेवटच्या पाच मिनिटांत फोन घेतला. रू मध्ये काळे ठिपके दिसले. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून तसाच वापरला आणि दहा माणसांचं अख्खं पातेलं कडू झालं. काळा ठिपका दिसला की तो रू टाकायचा, कितीही हळहळ वाटली तरी. आणि लांब दांड्याचा लाकडी उलथना घ्या. तापलेला रू हातावर उडाला तर चिकटून बसतो, पुसला जात नाही.

---

चुलाणं

माझा केटरिंगचा अनुभव आहे म्हणून विचारतो. मैदा इतका काळा भाजल्यावर त्याची घट्ट करायची ताकद जाते. मग रस्सा दाट कसा होतो?

---

बायूकाठी

दादा, बरोबर धरलंत. जितका गडद रू, तितका तो कमी घट्ट करतो, कारण भाजताना पिठातला स्टार्च मोडतो. गडद रू चवीसाठी असतो. दाटपणासाठी दुसऱ्या दोन गोष्टी आहेत आणि त्यांतच या पदार्थाचा इतिहास आहे.

एक, भेंडी. 'गंबो' हा शब्दच भेंडीचा. पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या बांटू भाषांमध्ये भेंडीला 'की-न्गोम्बो'च्या जवळचे शब्द आहेत, तिथून तो आला. गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर भेंडी आली, भेंडीचा रस्सा करायची रीत आली. भातशेतीचं ज्ञानही त्यांच्याचबरोबर आलं. सेनेगल-गांबियाच्या पट्ट्यातले लोक भात पिकवणारे होते.

दोन, फिले. सॅसाफ्रस नावाच्या झाडाची पानं वाळवून केलेली हिरवट पूड. ही इथल्या मूळनिवासी चोक्टॉ लोकांची देणगी. फिले गॅस बंद केल्यावर किंवा ताटात वाढल्यावर घालायची. उकळत्या रश्श्यात घातली तर तारा सुटतात, भेंडीच्या तारेपेक्षा वाईट.

म्हणजे एका वाडग्यात फ्रेंच रू, आफ्रिकी भेंडी आणि चोक्टॉ पानं. त्यात माझा शिजवलेला भात. कोण कुठून कसं आलं, कोणाला बांधून आणलं, कोणाला हाकललं, हे कळल्यापासून मी गंबोला 'फ्यूजन' म्हणू शकत नाही.

---

मांडवीतीर

ताई, फार आवडलं. मी पणजीची. आमच्याकडे याच दिवसांत 'इंत्रुज' असतो, तोच कार्निवल, शनिवार ते मंगळवार. किंग मोमोची मिरवणूक, आणि मग बुधवारपासून उपवास. शेजारच्या ख्रिस्ती घरांत त्या चार दिवसांत सोरपोतेल आणि सान्नां होतात, कारण पुढे डुकराचं मांस चाळीस दिवस मिळणार नसतं. कारण तेच, पंचांगही तेच, फक्त तिकडे फ्रेंच आणि इकडे पोर्तुगीज. तुमच्याकडे डुकराचं काय करतात?

---

बायूकाठी

अगदी सख्खी बहीण निघाली ही!

इथे 'बूशरी' असते. फ्रीज नव्हते तेव्हा थंडीत गावातली चार-पाच घरं मिळून एक डुक्कर मारायची, सगळे वाटून घ्यायचे, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच्या घरी. काही म्हणजे काही वाया जात नाही. कलेजी, मांस आणि भात एकत्र करून आतड्यात भरला की 'बुदाँ'. चरबीसकट कातडी तळली की कुरकुरीत 'क्रॅकलिन'. डोक्याचं मांस शिजवून वडीसारखं थापतात. मांसाच्या तुकड्यांना मसाला लावून धूर दिला की 'तासो'. लाफिएतच्या आसपास पेट्रोल पंपावरच्या दुकानातही गरम बुदाँ मिळतो, आणि तो हॉटेलातल्यापेक्षा चांगला असतो. लोक गाडीच्या बॉनेटवर ठेवून उभ्या-उभ्या खातात.

पण मार्डी ग्राची खरी केजन गोष्ट खेड्यात आहे: 'कुरिर'. ममू, युनिस, चर्च पॉइंट या गावांतून सकाळी घोड्यांवर आणि ट्रेलरवर माणसं निघतात. तारेच्या जाळीचे मुखवटे, चिंध्यांचे रंगीत कपडे, डोक्यावर उंच टोकदार टोपी. पुढे एक 'कॅपितेन', तो मात्र मुखवटा घालत नाही, हातात पांढरं निशाण. तो घरमालकाची परवानगी घेतो, मग सगळे अंगणात शिरतात, गातात, नाचतात, विनवण्या करतात आणि गंबोसाठी काहीतरी मागतात. तांदूळ, कांदे, सॉसेज, आणि सगळ्यात मानाची म्हणजे जिवंत कोंबडी. मालक ती हवेत सोडतो आणि ही मुखवट्यातली मंडळी चिखलातून तिच्यामागे धावतात. संध्याकाळी त्या सगळ्या मागून आणलेल्या शिध्याचा एक मोठा गंबो, सगळ्या गावासाठी.

आम्ही एकदा युनिसला गेलो होतो. एका मुखवटेवाल्याने माझ्या मुलीपुढे गुडघे टेकून हात पसरला. तिच्या मुठीत एक नाणं होतं, ते तिने दिलं आणि दिवसभर मला सांगत राहिली, 'त्याच्या गंबोत माझे पण पैसे आहेत.'

---

गुहागरचा

हे वाचून आमचा शिमगाच डोळ्यांपुढे आला. आमच्या सोंगातल्या संकासुराचीही टोपी उंच टोकदारच, आणि घरोघर पोस्त (शिमग्याची वर्गणी) मागणं आहेच. काही संबंध असेल का?

---

बायूकाठी

संबंध नाही, दादा. कुरिरची मुळं मध्ययुगीन फ्रान्समधल्या सोंगं घेऊन मागत फिरायच्या चालीत आहेत. पण थंडी सरत आली, कोठारं तळाला गेली की शेतकरी माणसाला एकत्र जेवावंसं वाटतं, हे दोन्हीकडे खरं असावं. मलाही पहिल्यांदा पाहताना ढोलाचा आवाज का येत नाही असं वाटून गेलं होतं.

---

नागपुरी_वऱ्हाड

माझा एक आक्षेप. तुम्ही म्हणता केजन म्हणजे तिखट नाही, पण मी ह्यूस्टनला खाल्लं ते जाळ होतं. आणि टबास्को लुईझियानाचाच ना?

---

बायूकाठी

टबास्को इथलाच, एव्हरी आयलंडचा, १८६८ पासून. आमच्या घरापासून तासाभराच्या आत. मिरी, लाल मिरची इथल्या जेवणात आहेतच, मी नाही म्हणत नाही. पण आजींच्या गंबोत तुम्हाला आधी भाजल्याचा वास येईल, मग धुराचा, मग कांद्याचा गोडवा, आणि तिखट शेवटी घशात.

जाळ होण्यामागे एक कारण आहे. ऑपलूससचे शेफ पॉल प्रुडोम यांनी १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये के-पॉल्स नावाचं हॉटेल काढलं. लोण्यात बुडवून, मसाल्यात घोळवून लालभडक तव्यावर काळा केलेला रेडफिश हा त्यांचा पदार्थ. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत त्याची एवढी लाट आली की आखातातल्या रेडफिशच्या मासेमारीवर बंधनं घालावी लागली. मोठा माणूस, त्यांच्यामुळेच जगाला केजन शब्द कळला. पण नक्कल करणाऱ्यांनी तेवढं तिखटच उचललं. आपल्याकडचं 'केजन मसाला' पाकीट म्हणजे पाप्रिका, लसूण पूड, कांदा पूड, लाल तिखट आणि मीठ. ते वाईट नाही, पण ती फोडणी झाली, भाजी नव्हे.

---

शेवंती

शाकाहारी पंगतीसाठी: तुमच्याकडे हिरव्या पाल्याचा गंबो असतो असं ऐकलंय. तो करता येईल का?

---

बायूकाठी

शेवंती, तू अगदी नेमकं बोट ठेवलंस. 'गंबो झेब'. खरं तर तो मार्डी ग्राचा नाही, लेंटच्या शेवटच्या आठवड्यातल्या पवित्र गुरुवारचा. न्यू ऑर्लिन्सच्या लिया चेस (१९२३–२०१९) यांचा सगळ्यात प्रसिद्ध. डूकी चेस हे त्यांच्या सासरचं हॉटेल. गोऱ्या-काळ्यांनी एकत्र बसणं बेकायदा होतं त्या काळात वरच्या मजल्यावर नागरी हक्क चळवळीतली माणसं त्यांच्या हातचा गंबो खात बैठका घ्यायची. त्यांच्या झेबमध्ये मांस असायचं, गुड फ्रायडेच्या आधीचं शेवटचं म्हणून. पण पाल्याचाच पदार्थ असल्याने मांसाशिवायही तो उभा राहतो. पाल्यांची संख्या विषम ठेवतात. जितके पाले तितके नवे मित्र मिळतात अशी समजूत आहे.

मी सात घेणार: मोहरीचा पाला, कोलार्ड, पालक, कोबी, बीटचा पाला, मुळ्याचा पाला, पार्सली. महाराष्ट्रात करणार असाल तर कोलार्डऐवजी नवलकोलाचा पाला चांगला जाईल. सगळे एकत्र उकडून, घोटून, फिकट रू मध्ये. धुराची चव यायला पाप्रिकाच धूर दिलेली घालायची.

आणि सोमवारी राजमा-भात आहेच. न्यू ऑर्लिन्सला सोमवार कपडे धुण्याचा वार, म्हणून रविवारच्या हॅमचं हाडूक घालून राजमा दिवसभर मंद चुलीवर सोडून द्यायचा आणि बाया धुण्याला लागायच्या. लुई आर्मस्ट्राँगला तो इतका प्रिय होता की पत्राखाली सही करताना तो स्वतःला राजमा-भाताचाच म्हणवून घ्यायचा. मार्डी ग्राच्या आदल्या सोमवारी तो केला की स्वयंपाकघराला उसंत मिळते. माझा बिनहाडाचा असेल. युक्ती एकच: शिजत आल्यावर पाव भाग राजमा पळीने भांड्याच्या कडेला चेचायचा, म्हणजे रस साईसारखा होतो.

---

चुलाणं

आता मोजमाप द्या. गंबो आणि जांबालाया, दोन्हीचं.

---

बायूकाठी

गंबो, बारा माणसांना: १ कप तेल, १ कप मैदा. ३ मोठे कांदे, २ हिरव्या ढोबळ्या मिरच्या, ४ दांड्या सेलरी. या तिघांना इथे 'होली ट्रिनिटी' म्हणतात, बारीक चिरून आधीच ताटात तयार ठेवायच्या. रू हव्या त्या रंगावर आला की त्या त्यात ओतायच्या. चर्र आवाज येतो आणि रू पुढे भाजायचा थांबतो. हाच त्याचा ब्रेक. मग ८ पाकळ्या लसूण, पाऊण किलो आंदुई सॉसेजच्या परतलेल्या चकत्या, साडेतीन लिटर चिकनचं पाणी, तमालपत्र, थाईम, मिरी, थोडं लाल तिखट. दीड किलो चिकनच्या मांड्या. उकळी आली की मंद आचेवर दीड-दोन तास. वर येणारं तेल पळीने काढा. भेंडी घालणार असाल तर वेगळ्या तव्यावर तार जाईपर्यंत परतून मगच. भात वेगळा. केजन घरांत गंबोबरोबर बटाट्याचं सॅलड वाढतात, कित्येक जण त्याचा गोळा गंबोतच सोडतात. मला आधी पटलं नव्हतं, आता त्याशिवाय चुकल्यासारखं होतं.

जांबालायाला मोजमापापेक्षा भांडं महत्त्वाचं. जाड बुडाचं बिडाचं हवं. मांस बुडाला चिकटून तपकिरी होऊ द्यायचं, पाण्याने खरडायचं, पुन्हा चिकटू द्यायचं. भाताचा रंग त्या खरपुडीतून येतो. केजन जांबालायात टोमॅटो नाही, म्हणून तो तपकिरी. न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल जांबालायात टोमॅटो, म्हणून तो लाल. १ कप लांब दाण्याच्या तांदळाला पावणेदोन ते दोन कप पाणी. झाकण ठेवल्यावर ढवळायचं नाही. मसालेभात करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

---

नागपुरी_वऱ्हाड

आक्षेप मागे. काल रू करून पाहिला. चाळीस मिनिटं उभा होतो. तांब्याच्या रंगावर धीर सुटला, तिथेच थांबलो. तरी घरभर जो वास होता तो मी आधी कुठे घेतलेला नाही.

---

बायूकाठी

तांब्याच्या रंगावर थांबलात ते उत्तमच. तो रंग कोळंबीच्या गंबोला शोभतो. पुढच्या वेळी अजून दहा मिनिटं.

---

मांडवीतीर

आणि सकाळचं गोड काय ठरलं? किंग केक की बेन्ये (पिठीसाखर घातलेले तळलेले गोड पाव)?

---

बायूकाठी

किंग केक बेकरीतूनच आणलाय, दालचिनीचा. त्यात प्लॅस्टिकचं छोटं बाळ असतं. ज्याच्या तुकड्यात निघेल त्याने पुढचा केक आणायचा. हल्ली बेकऱ्या बाळ आत न भरता वेगळं देतात, कोणाच्या घशात जाऊ नये म्हणून.

पण सकाळी मी 'कालास' करणार आहे. शिळ्या भाताची गोड भजी. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर काळ्या बाया डोक्यावर टोपली घेऊन गरम कालास विकायच्या. स्पॅनिश राजवटीत गुलामाला स्वतःची किंमत भरून मोकळं होण्याचा हक्क होता. काहींनी या भज्यांचे पैसे साठवून स्वतःची, मुलांची सुटका विकत घेतली. पुढे कालास रस्त्यावरून जवळजवळ नाहीसे झाले. क्रिओल घरांनी मार्डी ग्राच्या सकाळसाठी ते जपले. दोन कप भाताची भजी. त्यातून कोणाचं तरी मूल घरी परत आलं असेल. मला तो विचार आला की हात क्षणभर थांबतो.

कृती अशी: २ कप मऊ शिजवलेला भात कोमट असताना चेचायचा, कोमट पाण्यात फुलवलेलं यीस्ट मिसळून रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी ३ अंडी, पाव कप साखर, सव्वा कप मैदा, मीठ, भरपूर जायफळ. अर्धा तास ठेवून चमच्याने तेलात सोडायचे. वरून पिठीसाखर. बरोबर चिकोरी घातलेली दुधाची कॉफी.

आता इथे सोमवारची रात्र आहे. राजमा संपला, पातेलं धुऊन झालं. रू दुपारीच करून बरणीत भरलाय, आजी येऊन रंग बघून गेल्या आणि मान डोलावली. भात चेचून झाकून ठेवलाय. सकाळी सहाला पहिला घाणा.